अंगठा घेतला, पावती द्या

केडगाव नावाची दोन गावं प्रसिद्ध आहेत. एक दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे जगभर माहीत झालेलं. दुसरं आमच्या नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. पुण्याहून येताना शहराच्या तोंडाशी लागणारं, रेणुकामातेचं, नवरात्रात गर्दीनं फुलणारं, आणि आता महापालिकेच्या हद्दीत आलेलं. सुपेही दोन. केडगावहून पुण्याकडे निघालं की पारनेर तालुक्यातलं सुपे लागतं, आणि दुसरं आहे बारामतीकडे. गावाचं नाव सांगून भागत नाही, तालुकाही सांगावा लागतो. माणसाचं याहून अवघड. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, बापाचं नावही तेच असलेले दोघे निघतात. जोवर व्यवहार गावातल्या गावात होता तोवर अडत नव्हतं, कारण पांढरी सगळ्यांना ओळखत होती. अडायला लागलं ते माणसाला कधीही न पाहिलेला कारकून, न्यायाधीश किंवा वकील हा माणूस तोच का, असं विचारू लागला तेव्हा.

या प्रश्नाला आपल्या भागात जुनं उत्तर होतं निशाणीचं. लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगर काढायचा. सुतार वाकस काढायचा, न्हावी आरसा, बाई बांगडी. जुन्या कागदांवर नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे शब्द आणि शेजारी नांगराची आकृती दिसते. ही निशाणी माणसाचा धंदा सांगायची, त्याची गावातली जागा सांगायची, पण हा नेमका कोणता माणूस ते सांगायची नाही. सगळ्या कुणब्यांचा नांगर एकच. शिवाय बऱ्याचदा तो काढायचा कागद लिहिणाराच. शेतकरी नुसता लेखणीला हात लावायचा. गावचे चार साक्षीदार शेजारी असेपर्यंत तेवढ्यावर काम भागत होतं.

इंग्रजी न्यायालयं आली आणि त्या कागदाचं वजन एकदम वाढलं. पूर्वी सावकाराचं खातं आणि कुळाची तोंडी हकीकत यांचा निवाडा पंचांसमोर व्हायचा. आता न्यायाधीश रोखा बघायचा, त्यावरची निशाणी बघायचा आणि हुकूमनामा द्यायचा. रोख्यात काय लिहिलंय हे निशाणी करणाऱ्याला कळलं होतं का, याची चौकशी फारशी होत नसे. त्यात १८५९ साली मुदतीचा कायदा आला. रोखा तीन वर्षांपुरताच वसुलीलायक, असं त्यानं ठरवलं. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा करायचा आणि कूळ पुन्हा निशाणी द्यायचं. कर्ज फिटत नव्हतं, निशाण्या वाढत होत्या.

याच काळात कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेनं नगरच्या कलेक्टरला अर्ज केला. पुढे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी झाली तेव्हा तो नोंदला गेला. तक्रारीचा मतलब असा: सावकार कापड आणि धान्य रोखीच्या भावापेक्षा कितीतरी चढ्या दरानं आमच्या माथी मारतात. शेतातला माल उचलताना तो खात्यात जमा करू असं सांगतात, पण करत नाहीत. आणि नेलेल्या मालाची पावती मागितली तर देत नाहीत. कर्जाचा पुरावा सावकाराच्या पेटीत कुळाच्या निशाणीसह पक्का, आणि फेडीचा पुरावा कुठंच नाही. माझ्या मते पुढच्या दीडशे वर्षांतल्या ओळख पटवण्याच्या सगळ्या तंत्रांना लावायची कसोटी त्या अर्जात आहे. ठसा कोणी घेतला, आणि त्याबदल्यात ठसा देणाऱ्याच्या हातात काय पडलं?

या अर्जाच्या काही वर्षं आधी पैसा खेळता होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास नव्या जमाबंदीनं सारा वाढला, काही ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुप्पट. सावकारांनी हात आखडला आणि वसुली लावली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी बारामतीकडच्या सुप्यात बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून ही आग नगर जिल्ह्यात आली. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि खुद्द नगर तालुका, म्हणजे केडगावच्या आसपासचाच मुलूख. दोन महिन्यांत तीसहून जास्त गावं पेटली.

पेटली म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. लोकांना सोनं-नाणं नको होतं. त्यांना रोखे हवे होते. सावकारानं खतं आणि वह्या बाहेर काढून दिल्या की त्यांची होळी व्हायची आणि जमाव बहुतेक ठिकाणी परत फिरायचा. कागद द्यायला नकार मिळाला तिथं मारहाण झाली, घरं जळाली. आपल्याच हाताच्या निशाण्या लोक जाळत होते. चौकशी आयोगानं कागद तपासले, साक्षी घेतल्या, आणि अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तो लागू झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. त्यातल्या दोन गोष्टी आजही वाचण्याजोग्या आहेत. न्यायालयानं नुसता रोखा पाहून भागायचं नाही, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन खरं देणं किती ते काढायचं. आणि शेतकऱ्याचा रोखा सावकाराच्या ओसरीवर होणार नाही, तो गावनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला आणि मान्य केला पाहिजे. कर्ज फेडताना पावती मागण्याचा आणि वेळोवेळी हिशेब मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला. कायद्याला पळवाटा निघाल्या, सावकारांनी कर्जाऐवजी खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली, हे खरं. तरी शेतकऱ्याची सही ही दोन बाजूंची जबाबदारी आहे, हे इंग्रज सरकारला इथल्या माणसांनी मान्य करायला लावलं, आणि नगर जिल्ह्याच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट मी मानतो.

त्याच वर्षांत दूर बंगालमध्ये दुसरा प्रयोग चालू होता. विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं १८५८ च्या जुलैमध्ये जंगीपूरला राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे करार नाकारायची त्याला हिंमत होऊ नये, हा हेतू. शास्त्र असं त्यात काही नव्हतं, धाक होता. पण हर्शेल ठसे जमवत राहिला आणि वर्षानुवर्षं त्या रेषा बदलत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. १८७७ साली हुगळीला दंडाधिकारी असताना त्यानं दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि पेन्शन घेणाऱ्यांकडून बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसऱ्यानंच पैसे उचलू नयेत, असा विचार त्यामागे होता. आज आपले पेन्शनर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोट टेकवतात, त्याचं मूळ हुगळीत आहे.

ठसा घेणं सोपं, हजारो ठशांतून हवा तो शोधून काढणं अवघड. त्या अडचणीवर मात केली कलकत्त्यातल्या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांच्या रेषांचे शंख-चक्र असे प्रकार पाडून त्यांनी सगळ्या कार्डांची १०२४ खान्यांत विभागणी होईल असं गणित बसवलं. १८९७ साली हिंदुस्थान सरकारनं ही पद्धत स्वीकारली. जगभर तिला नाव मिळालं ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं, आणि १९०१ मध्ये तीच पद्धत घेऊन हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले. १८९९ साली पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत न्यायालयात ग्राह्य झालं. मग महाराष्ट्रातल्या कागदांवरचा नांगर हळूहळू मागे पडला आणि ‘निशाणी डावा अंगठा’ आली. पुरावा म्हणून ती नांगरापेक्षा कितीतरी पक्की. जुळ्या भावांचेही ठसे वेगळे असतात, कारण त्या रेषा आईच्या पोटातच ठरतात. एकाच्या नावावर दुसऱ्यानं निशाणी करणं अवघड झालं, आणि हा फायदा गरिबाचाही होता. पण कागदात काय लिहिलंय ते वाचता येण्याशी अंगठ्याचा काही संबंध नव्हता. मिरजगावच्या रयतेची तक्रार जिथल्या तिथे राहिली.

ठशाचा दुसरा वापर मात्र जास्त कठोर होता, आणि त्याचे वळ महाराष्ट्राच्या अंगावर अजून आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंदवही करायची, त्यांना बोलावून बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. कैकाडी, रामोशी, कंजारभाट, पारधी अशा कितीतरी जमाती या ना त्या रूपात त्या तडाख्यात सापडल्या. सोलापूर, हुबळी, विजापूर इथं तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापुरात तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. इथं ठसा घ्यायला गुन्हा घडावा लागत नव्हता. माणूस कुठल्या घरात जन्मला एवढं पुरत होतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर या पट्ट्यात पारधी वस्त्या आहेत. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्या पालावर येते, हे तिथले लोक अजून सांगतात. ठशांची कपाटं रद्द झाली तरी संशयाची सवय गेली नाही. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्यानं आता ठशांच्या जोडीला डोळ्यांची बुबुळंही घेता येतात आणि ती नोंद ७५ वर्षं ठेवता येते. जन्मावरून संशय घेणाऱ्या व्यवस्थेच्या हाती हे साधन जाताना या विमुक्त जमातींच्या बाजूनं कोणी बोललं पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेत गांधीजींची लढाई याच मुद्द्यावर पेटली, एवढं जाता जाता सांगतो. ट्रान्सव्हालमधल्या हिंदी लोकांनी दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, या कायद्याविरुद्ध १९०६ साली सत्याग्रहाची शपथ झाली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गला नोंदणीचे दाखले जाळले गेले. ठसा घेण्यामागे आपल्या सगळ्या समाजाला गुन्हेगार धरलं जातंय, ही ती चीड होती. पण आपखुशीनं, मानानं ठसा द्यायला गांधीजी एका टप्प्यावर तयार झाले होते, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच माणसाचा मारही खाल्ला.

स्वतंत्र भारतात जवळजवळ सगळ्यांनीच दहा बोटं दिली, आणि त्याची सुरुवातही महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिल्या मानकरी रंजना सोनवणे. ज्याच्याकडे ओळखीचा कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, त्याच्या नावाचा पैसा मधल्यांनी खाऊ नये, असं तेव्हा सांगितलं गेलं. हेतू खोटा नव्हता. २०१६ च्या एप्रिलपर्यंत शंभर कोटी लोकांची नोंद झाली. दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि चेहरा, एवढं प्रत्येकाचं घेतलं. नोंदणीच्या वेळी यंत्र तुमचा ठसा सगळ्यांशी ताडून बघतं, म्हणजे एकाला दोन क्रमांक मिळू नयेत. नंतर दुकानात किंवा बँकेत तुम्ही क्रमांक सांगता आणि ठसा फक्त त्या एका नोंदीशी जुळवला जातो. बोटावरची रेषा जिथं संपते, जिथं तिला फाटा फुटतो, ते बिंदू यंत्र पकडतं. पुरेसे बिंदू जुळले की हो, नाहीतर नाही.

आणि इथंच नगर जिल्ह्याचे हात आडवे येतात. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कोयता धरतात, पाचट ओढतात. कांद्याच्या खळ्यावरच्या बाया, चुना-सिमेंटमधले गवंड्याचे बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, साठीच्या पुढची म्हातारी माणसं, यांच्या बोटावरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या असतात. कंट्रोलच्या दुकानात ‘थम लागत नाही’ हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे मिळणार नाही. बोट पुसायचं, पदराला घासायचं, तेल लावायचं, दुसरं बोट द्यायचं, मग रेंज गेली म्हणून उद्या यायचं. उद्याचा रोज बुडतो तो त्या बाईचा. २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतच ठसा न जुळण्याचं प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि गुजरातेत ६ टक्के असल्याचे अंदाज दिले होते. एवढा फरक माणसांच्या बोटांत असू शकत नाही. तो यंत्रात, जाळ्यात आणि चालवणाऱ्यांच्या आस्थेत आहे.

फायदा झालाच नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. बनावट कार्डांना आळा बसला. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एका राज्याचं रेशन दुसऱ्या राज्यात उचलण्याची सोय सुरू झाली. गाव सोडून कारखान्यावर गेलेल्या टोळीला तिथल्या दुकानात धान्य मिळू शकतं ते याच अंगठ्यामुळे. स्थलांतर करणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

नगर जिल्ह्यात याच अंगठ्याचा एक चांगला वापर झालेला आहे. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ होणार होतं. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती राज्यभरातल्या ६८ गावांची, १५,३५८ शेतकऱ्यांची. नगर जिल्ह्यातली गावं होती राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी आणि केडगावच्याच नगर तालुक्यातलं जखणगाव. शेतकऱ्यानं बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, अंगठा टेकवायचा, पडद्यावर दिसणारी कर्जाची रक्कम बघायची. मान्य असेल तर तसं सांगायचं. मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करायची. १८७५ ला याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या नावावर किती आकडा चढलाय ते कळत नव्हतं. २०२० साली त्याच्या अंगठ्याआधी आकडा त्याच्यासमोर आला आणि ‘हा मला मान्य नाही’ असं म्हणायची जागा ठेवली गेली. ठसा असा घ्यावा.

महिनाभरात करोना आला. यंत्राला सगळ्यांची बोटं लागू नयेत म्हणून राज्यात रेशनवरचा कार्डधारकाचा अंगठा थांबवला गेला आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य वाटलं गेलं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर बोट न जुळताही धान्य देता येतं, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

खरं तर कायदा आधीपासून तेच सांगतो. २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी दगावली. आधारशी न जोडल्यामुळे रेशनकार्ड रद्द झालं होतं आणि पोरगी भुकेनं गेली, असं घरच्यांनी सांगितलं. सरकारनं भूक हे कारण नाकारलं. पण पुढच्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्रानं सगळ्या राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कोणाचंही धान्य नाकारायचं नाही. ठसा अडला तर बुबुळ, मोबाइलवरचा ओटीपी किंवा दुसरा पुरावा घ्यायचा आणि अपवादाची नोंद करून धान्य द्यायचं. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं आधार कायदा बहुतांशी टिकवला. खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा काढून घेतली, आणि ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या हक्कदाराला वगळलं जाऊ नये, हेही बजावलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सगळा कायदाच घटनाबाह्य ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. ते आज ना उद्या पुन्हा उघडावं लागेल, असं मला वाटतं.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. अंगठा लागला की यंत्रातून पावती निघते. त्यावर किती किलो गहू, किती तांदूळ, हे छापलेलं असतं. ती मागून घ्या, वाचा, शेजारच्या आजीची तिला वाचून दाखवा. अंगठा लागला नाही तर परत फिरू नका आणि कोणाला फिरू देऊ नका. बुबुळाची, ओटीपीची किंवा अपवादाची नोंद करायला सांगा. दुकानात ऐकलं नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्या अर्जावर पोच घ्या. मिरजगावच्या माणसानं अर्ज केला, तेव्हा पावती देण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. आज धान्य देण्याची आणि पावती देण्याची जबाबदारी दुकानदारावर आणि सरकारवर आहे.